रविवारी सांगतो

जिभेला हाड नसतं, पण ती भल्याभल्यांची हाडं मोडते. माझी तिनं दोन वर्षं सावकाश मोडली. ‘रविवारी सांगतो’ एवढे दोन शब्द त्या शुक्रवारी माझ्या तोंडून गेले नसते, तर आज मी व्होलोसच्या बंदरावर बसून सकाळी कॉफी, अकराच्या पुढे त्सिपुरोचा, म्हणजे द्राक्षाच्या कडक दारूचा, एक पेला आणि त्यासोबत भाजलेला ऑक्टोपस, अशी निवृत्त माणसाला शोभणारी दिनचर्या सांभाळत असतो. त्याऐवजी मी पोरांच्या शिकवणीला बसलो, मी म्हणजे मीच आहे याचे पुरावे देत कचेऱ्या हिंडलो, आणि साठाव्या वर्षी परीक्षेत नापास झालो. तेही ग्रीकमध्ये. ग्रीक माणूस, ग्रीसमध्ये.

मी आमच्या वस्तीतल्या चर्चमध्ये तीस वर्षं डावीकडचा गायक आहे. डावीकडचा हे मुद्दाम सांगतो, कारण उजवीकडचा तो थोरला आणि डावीकडचा तो धाकटा. उजवीकडच्या पोलिदोरोसनं गायचं आणि मी त्याला जबाब द्यायचा. त्याचा सूर चुकला तर ‘आज हवा दमट आहे’, माझा चुकला तर ‘नोंदास चुकला’. नोंदास म्हणजे मी. पूर्ण नाव एपामिनोंदास. वडिलांना प्राचीन सेनापतींचं वेड होतं आणि त्याचं फळ मी आयुष्यभर भोगतो आहे. ते पुढे येईलच.

वर्षातून एकदा मात्र डाव्या बाजूचा दिवस उगवतो. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या पाचव्या शुक्रवारी आमच्याकडे एक जुनं प्रवचन गातात. हो, गातात. चोवीस कडवी, प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच ध्रुवपद. आमचे पणजोबा-खापरपणजोबा समुद्रापलीकडून बोटींत बसून इथं आले, तेव्हा कुणीतरी ही प्राचीन ग्रीकमध्ये हातानं लिहिलेली वही अंथरुणात गुंडाळून आणली. ते कुठंच छापलेलं नाही, कुणी रचलं ते कुणाला ठाऊक नाही. आणि कुणा पुण्यवानानं घालून दिलेल्या रिवाजानुसार ते डावीकडच्यानं गायचं असतं. मला गाऊन सांगितलेला देवाचा शब्द लहानपणापासून साखरेसारखा लागतो. नुसतं प्रवचन ऐकताना माझ्या मनात घरचा गळका नळ येतो. तेच प्रवचन सुरात आलं की नळ, घर, मी, सगळं वाहून जातं. त्यामुळे त्या दिवशी मी जीव ओतून गात असे.

प्रवचन आहे समुद्रातल्या वादळाचं. प्रभू नावेत झोपलेला, शिष्य घाबरलेले. अठराव्या कडव्यात चाल एकाएकी खाली उतरते, विहिरीत पोहरा उतरावा तशी, आणि एका ओळीवर बराच वेळ घुटमळते. आणि दर वर्षी, अगदी त्याच ओळीला, डावीकडच्या दुसऱ्या खांबाला टेकून बसलेल्या एवांथिया मावशी रुमालानं डोळे पुसत.

एवांथिया मावशी म्हणजे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या. नवरा मानोलिस बोटीवर इंजिनात कामाला होता. पन्नासेक वर्षांपूर्वी बोटीसकट गेला. वादळ, समुद्र, विधवा, आणि माझा आवाज! पोलिदोरोसच्या गाण्याला आजवर फक्त त्याची बायको रडली आहे, आणि ती वेगळ्या कारणानं. मावशींच्या त्या रुमालावर मी तीस वर्षं जगलो, असं म्हटलं तरी चालेल.

तर त्या शुक्रवारी चर्चच्या पायऱ्यांवर मावशींनी माझी बाही धरली.

“नोंदा, बाळा, एक विचारू?”

“विचारा की मावशी.”

“तू तो आवाज खाली नेतोस ना, शेवटाकडे, तिथं काय म्हणतोस रे?”

आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. पोलिदोरोस होता. पाद्रीबाबा होते.

“म्हणजे... अर्थ ना?”

“अर्थच. आता कितीक दिवस राहिले माझे! कळून मेलेलं बरं.”

“रविवारी सांगतो,” मी म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी वही उघडली, चष्मा पुसला, अठरावं कडवं काढलं, आणि माझ्या पायांखालची फरशी सरकली. मला एक अक्षर कळेना. शब्द सगळे ओळखीचे होते. रोज लिफ्टमध्ये भेटणारा माणूस असतो, आपण त्याला नमस्कार करतो, त्याच्या मुलीच्या लग्नात नाचतो, आणि एक दिवस त्याचं नाव सांगायची वेळ येते, तसं झालं. तीस वर्षं हे सगळं माझ्या तोंडातून गेलं होतं, पण नळातून पाणी जातं तसं. नळाला तहान कधी लागत नाही.

पोलिदोरोसला फोन केला. तो म्हणाला, “नोंदास, असल्या गोष्टींचा अर्थ हृदयानं घ्यायचा असतो.” म्हणजे त्यालाही येत नव्हता. पाद्रीबाबा सोफ्रोनिओस यांना गाठलं. ते दाढी कुरवाळत म्हणाले, “वादळाबद्दल आहे ते.”

“हो, पण नेमकं काय?”

“एकंदरीत वादळाबद्दल,” असं म्हणून ते एका बारशाला निघून गेले.

रविवारी मी चर्चच्या बाजूच्या दारानं पळालो. पुढच्या रविवारी घसा बसल्याचं निमित्त झालं. तिसऱ्या रविवारी मावशी बाजूच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“आला का रे रविवार?”

“मावशी, जरा शिकून घेतो आणि व्यवस्थित सांगतो.”

इथं खरं तर गोष्ट संपायची. एखादा शब्दकोश आणावा, महिनाभर घासावा, विषय मिटला. पण आमच्या इमारतीला सेक्रेटरी आहेत. लिकुर्गोस त्यांचं नाव, तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि लिफ्टमध्ये नोटिसा चिकटवणं हा त्यांचा धर्म आहे. त्यांनी मला शब्दकोश घेऊन जिन्यात पकडलं.

“नुसतं शिकून काय करणार, मास्तर?” (गायकाला आमच्याकडे मास्तर म्हणतात, त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे म्हणणाऱ्याच्या भुवया पाहून ठरवायचं.) “कागद पाहिजे, कागद! बारावीच्या मुलांबरोबर देशपातळीची परीक्षा द्या, विद्यापीठात जा, पदवी घ्या. मग तुम्ही सांगाल तो अर्थ. कागद नसला तर तो नुसता अंदाज.”

मी हसून सोडून दिलं असतं. पण ते पुढे म्हणाले, “पोलिदोरोसकडे तरी कुठाय पदवी?” आणि माझ्या डाव्या बाजूला काहीतरी हललं.

परीक्षेच्या अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो मिळाला, एपामिनोंदास या नावाचा. त्याला जोडायला जन्माचा उतारा लागतो. तोही मिळाला, एलेफ्थेरिओस या नावाचा. झालं होतं असं, की बाप्तिस्म्याच्या वेळी वडिलांनी सेनापतीचं नाव सांगितलं, आणि तेव्हाचे पाद्रीबाबा म्हणाले, ‘मूर्तिपूजकाचं नाव मी पाण्यात बुडवणार नाही.’ त्यांनी स्वतःच एका संताचं नाव पाण्यात बुडवलं, म्हणजे मला, आणि तेच वहीत लिहिलं. वडिलांनी ती वही आयुष्यात उघडून पाहिली नाही.

कचेरीच्या खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले.

“परीक्षा कोण देणार? एपामिनोंदास की एलेफ्थेरिओस?”

“मीच. दोघंही मीच.”

“मग दोघं एकच इसम असल्याचा दाखला आणा.”

“तो कोण देतं?”

“आम्हीच. पण त्याला दोन साक्षीदार लागतात. तुम्हाला जन्मापासून ओळखणारे.”

मी पाणीखात्यात एकतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. लोक बाहेर उभे राहून माझ्याकडे कसे पाहत असत, ते त्या दिवशी मला प्रथमच आतून, म्हणजे बाहेरून, कळलं.

साठ वर्षांच्या माणसाला जन्मापासून ओळखणारे साक्षीदार शोधायला लागलं, की त्यातले बहुतेक दफनभूमीत सापडतात. हयात मिळाले दोनच: वडिलांचा एक ऐकू न येणारा चुलतभाऊ, आणि एवांथिया मावशी. मावशी काठी टेकत कचेरीत आल्या, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा नागडा फिरायचा तेव्हापासून ओळखते. दोन्ही नावं याचीच, आणि दोन्ही नावांनी हाक मारली तरी यायचा नाही.” सही करता करता माझ्या कानाशी लागल्या, “रविवार कधी येतो म्हणालास?”

शिकवणीला गेलो. वर्गात सतरा-सतरा वर्षांची अठरा मुलं आणि मी. शिकवणारी दानाई; सत्तावीस वर्षांची, काटेकोर. तिच्या बाप्तिस्म्याला मी गायलो होतो, आणि ती भोकाड पसरून रडली होती. तेव्हाचा सूड ती आता उगवत होती असं मी म्हणणार नाही, पण पहिल्याच दिवशी तिनं मला उभं केलं.

“नोंदास काका, हा उतारा वाचा.”

मी खाकरलो. उतारा उघडला. आणि गायला लागलो.

खरं सांगतो, मला वाचायचंच होतं. पण ती जुनी अक्षरं डोळ्यांसमोर आली, की माझा गळा आपोआप सूर धरतो. तीस वर्षांची सवय. एका सेनापतीनं घोडदळाला दिलेला तो हुकूम होता, आणि मी तो दफनविधीच्या चालीवर म्हटला. मुलं आधी थिजली, मग दोन ओळींनंतर मागच्या बाकावरून कुणीतरी खालचा षड्ज धरला. शेवटी शेवटी सगळा वर्ग साथीला होता.

“छान,” दानाई म्हणाली. “आता अर्थ सांगा.”

मी खाली बसलो.

हेच माझं दुखणं ठरलं. सुरात म्हटल्याशिवाय मला ती भाषा दिसेना, आणि सुरात म्हटली की कळेना. गाताना इतकं बरं वाटे, की कळायची गरजच उरत नसे. दानाईनं बरेच उपाय केले. शेवटी एक दिवस पाण्याचा पेला पुढे ठेवला. “काका, एक घोट तोंडात धरा. गिळायचा नाही. आता वाचा.” तोंडात पाणी असलं की माणूस गाऊ शकत नाही. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मला एक ओळ कळली. ओळ होती, ‘सैनिकांनी न्याहारी केली.’ पण आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातलं वहीवर सांडलं.

तेव्हापासून मी घरी स्वयंपाकघरात गाल फुगवून बसू लागलो. बायकोला, थेओपिस्तीला, हा काळ फार सुखाचा गेला. “बत्तीस वर्षांनी घरात शांतता आहे,” ती फोनवर बहिणीला सांगे. “नळ गळतो तो गळतोच, पण आता यांचा गळा तरी बंद आहे.”

प्राचीन लोकांबद्दल माझं काय मत झालं, असं मला बरेच जण विचारतात, म्हणजे विचारतील अशी मला आशा होती. तर एक म्हणजे, ते फार बोलत. लढाईच्या तोंडावर सेनापती भाषणाला उभा राहिला की दीड पान खाली बसत नाही. समोर शत्रू भाले घेऊन तयार, आणि हा म्हणतो, ‘पुरुषहो, मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत.’ शत्रूही सभ्य. तो थांबतो, कारण त्यांच्याकडेही भाषण चालू असतं. आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेत हिवाळ्यात घरं तापवायच्या तेलाचा विषय निघतो तेव्हा अगदी हेच होतं. म्हणून आमचं आणि प्राचीनांचं नातं नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या सभेला यावं. रोमन माणूस वेगळा. तो येतो, रस्ता बांधतो, पाट काढतो, निघून जातो. पाणीखात्याचा माणूस म्हणून सांगतो, दोन हजार वर्षांपूर्वीचे त्यांचे काही पाट अजून वाहतात. आमच्या वेळचे नळ तुम्ही पाहताच आहात.

लॅटिन सक्तीचं होतं. ते मला मुळीच येत नव्हतं, आणि ते गाता येत नव्हतं, हे त्यातलं सुख. शब्दांची रूपं मी मोठ्यानं घोकत असे. आमच्या इमारतीत सगळी स्वयंपाकघरं एका अरुंद उजेडाच्या बोळकांडीवर उघडतात. पहिल्या मजल्यावर कांदा चिरला तर पाचव्यावर डोळे झोंबतात. दोन महिन्यांत माझं लॅटिन सगळ्या इमारतीला पाठ झालं. मी एके ठिकाणी अडलो की चौथ्या मजल्यावरच्या बाई भांडी घासता घासता पुढचं रूप वरून ओरडून सांगत. लिकुर्गोसनी लिफ्टमध्ये नोटीस लावली: ‘दुपारी तीन ते साडेपाच या विश्रांतीच्या वेळात मृत भाषा बोलू नयेत.’

पहिल्या वर्षी अर्जाची तारीख त्या दोन-इसम-एक दाखल्यात गेली. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मी परीक्षेला बसलो.

थेओपिस्तीनं, वरवर कितीही टोमणे मारले तरी, माझं पेन आठवडाभर चर्चमध्ये संतांच्या तसबिरीखाली ठेवलं होतं. सगळ्या आया ठेवतात. तिथं त्रेचाळीस पेनं होती आणि त्रेचाळिसावं माझं. दाराशी तिनं दृष्ट लागू नये म्हणून माझ्यावर तीनदा थुंकल्यासारखं केलं. एवांथिया मावशींनी खिडकीतून हाक मारली, “बाळा, नीट विचार त्यांना त्या ओळीचा अर्थ!” त्यांची समजूत होती की परीक्षेत आपण विचारायचं असतं. किती शहाणी पद्धत होईल ती!

ग्रीकचा पेपर हातात आला. न पाहिलेला उतारा. सेनापती. भाषण. मी बाटलीतून घोट घेतला, गाल फुगवले, आणि काय सांगू, ओळ दिसू लागली! पहिली कळली. दुसरी कळली. तिसरीत मी जवळजवळ पोचलो होतो, तेवढ्यात पर्यवेक्षक ओळखपत्र घेऊन माझ्यापाशी थांबले.

“नाव?”

मी बोटानं गालाकडे खूण केली.

“नाव सांगा, साहेब. इथं एपामिनोंदास लिहिलंय आणि जोडपत्रावर एलेफ्थेरिओस.”

गिळायला गेलो, ठसका लागला, आणि सबंध घोट सेनापतीवर, सैन्यावर आणि पर्यवेक्षकांच्या शर्टावर गेला. पाण्याची बाटली जप्त झाली. ‘औषध आहे,’ मी म्हणालो. ‘कशावरचं?’ त्यांनी विचारलं. ‘गाण्यावरचं,’ असं उत्तर मी दिलं, आणि ते खरं असूनही माझ्या विरोधात गेलं.

मग उरलो मी, ओला कागद आणि मोकळा गळा. दातावर दात ठेवून वीस मिनिटं काढली. पण सेनापती शेवटी देवांची शपथ घालू लागला, आणि माझ्याही नकळत नाकातून सूर निघाला. चर्चच्या गाण्यातला चौथा सुरभेद, संथ लयीतला.

“उमेदवार, गाऊ नका.”

“नाही गात.”

“गाताय.”

“गाऊ द्या ना सर,” मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “तेवढीच झोप लागते.”

समितीचे अध्यक्ष खाली आले. नोंदवहीत लिहिलं गेलं: ‘उमेदवाराने प्राचीन उताऱ्याचे गायन केले, समज देण्यात आली.’ माझ्या गायनाची लेखी दखल आयुष्यात एकदाच घेतली गेली, ती ही.

निकाल लागला. वीसपैकी लॅटिनला अकरा. ग्रीकला चार.

मी तो कागद तीनदा पाहिला. रोमन लोकांनी एकदा आम्हाला जिंकलं ते इतिहासात आहे. आता दुसऱ्यांदा माझ्या स्वयंपाकघरात जिंकलं. बोळकांडीतून चौथ्या मजल्यावरच्या बाई अभिमानानं ओरडल्या, “अकरा! बघा, माझ्यामुळे!” पोलिदोरोस भेटायला आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “हृदयानं, नोंदास, हृदयानं,” आणि आणलेली मिठाई स्वतःच खाऊन गेला.

मी खचलो. गंमत म्हणून सांगत नाही. जे परकं होतं ते मी पहिल्या अक्षरापासून शिकलो, म्हणून निदान अर्धं आलं. जे माझं म्हणून मिरवत होतो, त्याच्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. तीस वर्षं देवापुढे उभा राहून मी काय म्हणत होतो हे देवाला ठाऊक असेल; पण मला ठाऊक नव्हतं, आणि तरी मी डोळे मिटून गात होतो. यापेक्षा डावीकडची जागा माणसाला असू शकत नाही.

त्यात ऑगस्ट आला, आणि थेओपिस्ती खालून बातमी घेऊन आली. मावशींची मुलगी फोतिनी त्यांना लारिसाला कायमची न्यायला येणार. पंधरा तारखेचा देवमातेचा सण झाला की दुसऱ्या दिवशी.

“झेपत नाही त्यांना एकटीला,” ती म्हणाली. मग माझ्यासमोर पाण्याचा पेला आणून ठेवला. “नापास तर झालाच आहात. आता तेवढ्या ओळीचा अर्थ तरी लावा.”

नऊ दिवस बसलो. बाहेर चाळीसच्या वर तापमान, तोंडात कोमट पाणी. पहिलं कडवं, दुसरं, पाचवं. परीक्षेत चार गुण मिळवणाऱ्याला जेवढं जमतं तेवढंच जमत होतं, पण वही घाई करत नव्हती आणि कुणी माझं नाव विचारत नव्हतं. अडलो की दानाईला फोन करायचो. पाणी तोंडात असल्यानं तिला प्रश्न कळायचा नाही, मग थेओपिस्ती वाचून दाखवायची. चौदा तारखेला अठरावं कडवं उलगडलं. मी ते कागदावर उतरवलं. वाचलं. पाणी गिळलं. परत वाचलं.

समुद्र नव्हता. विधवा नव्हती. त्या कुणा जुन्या प्रवचनकारानं वादळाची गोष्ट मध्येच सोडून समोरच्या श्रोत्याला झापलं होतं. ओळ अशी होती:

‘नावेत झोपला होता त्याला शिष्यांनी उठवलं, खांबाला टेकून झोपलेल्या बाबा, तुला कोण उठवणार? ऊठ, आता थोडंच राहिलं.’

तीस वर्षं! जीव ओतून, डोळे मिटून, पोहरा विहिरीत सोडून, मी एका नवऱ्याला मुकलेल्या बाईला ऐन खांबापाशी ‘झोपू नकोस’ असं दटावत होतो, आणि ती बिचारी रडत होती.

हे सांगणं शक्य नव्हतं. मी दुसरा कागद घेतला आणि स्वतःच एक अर्थ रचला. ‘समुद्रा, तू ज्याला नेलंस तो बुडालेला नाही, तो प्रभूच्या नावेत झोपला आहे.’ वाचून माझे मलाच डोळे भरून आले. दोन वर्षांच्या विद्येचा हा असा उपयोग; पण म्हटलं, चांगल्या कामासाठी आहे.

सणाच्या दिवशी जेवणं झाल्यावर, सगळी इमारत विश्रांती घेत असताना, मी तळमजल्यावर गेलो. खोलीत दोरीनं बांधलेली खोकी. मावशी खिडकीपाशी खुर्चीत.

“आला का रविवार?”

“आज शुक्रवार आहे मावशी, पण आला.” मी कागद उघडून वाचला. सावकाश, भरवशाच्या आवाजात.

मावशींनी ऐकून घेतलं.

“खोटं,” त्या म्हणाल्या.

“मावशी, मी दोन वर्षं...”

“तू पाणीखात्यात होतास तेव्हा ‘उद्या सकाळी नक्की पाणी येईल’ म्हणायचास ना, तोच आवाज. आणि माझ्या मानोलिसची खबर त्या जुन्या माणसाला कशी असेल रे? खरं सांग.”

मी दुसऱ्या खिशातला कागद काढला. मान खाली घालून खरी ओळ वाचली. मग वाट पाहत राहिलो. खुर्ची करकरायला लागली. वर पाहिलं तर मावशी हसत होत्या. इतक्या, की त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला.

“खांबाला टेकून! अगदी मीच की रे ती! बघ, त्याला माहीत होतं.”

“पण मावशी, तुम्ही तर त्या ओळीला रडायचात.”

“मी?”

“रुमालानं डोळे पुसायचात. दर वर्षी. मी पाहिलंय.”

“अरे बाळा,” त्या कीव आल्यासारख्या म्हणाल्या, “जांभयांचं पाणी ते! तू तिथं आवाज किती लांबवतोस! डोळा लागलेला असायचा, तो तेवढ्यात उघडायचा, म्हणून पुसायचे.”

ग्रीकच्या चार गुणांनी मी जेवढा मोडलो नव्हतो तेवढा त्या क्षणी मोडलो. तीस वर्षांचा रुमाल गेला. आता डावी बाजूही राहिली नाही. उठायला लागलो, तर त्यांनी बाही धरली. पायऱ्यांवर धरली होती तशीच.

“रागावू नको. मानोलिस गेला तेव्हा रडायचं ते घरात रडून घेतलं मी. पण त्यानंतर घरात झोप कधी लागली नाही. पलंग मोठा, आवाज कुठला नाही. लागायची ती तिथंच, त्या खांबाला, तू गायला लागलास की. म्हणून तर तुझं गाणं मी चुकवलं नाही. उजवीकडच्याच्या गाण्याला नाही लागत; तो ओरडतो.”

मला बोलता येईना. तोंडात पाण्याचा थेंब नसताना येईना.

“उद्या फोतिनी येते. लारिसात कसली झोप आणि कसलं काय. एकदा म्हण की ते. सगळं.”

“विश्रांतीची वेळ आहे मावशी, लिकुर्गोस नोटीस लावतील.”

“लावू दे. मी उद्या जातेय.”

मी बसून पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. वहीची गरज नव्हती. या वेळी प्रत्येक शब्दाच्या आत काय आहे ते दिसत होतं: वारा, फाटलेलं शीड, नावेत शिरलेलं पाणी, उशाला दोरखंड घेऊन झोपलेला प्रभू. वर बोळकांडीत एकेक खिडकी उघडल्याचा आवाज आला, पण कुणी ओरडलं नाही. आठव्या कडव्याला मावशींची मान खुर्चीच्या पाठीला टेकली. दहाव्याला त्यांचं तोंड उघडं पडलं आणि बारीक घोरणं सुरू झालं.

अठरावं आलं. चाल खाली उतरली. ‘ऊठ, आता थोडंच राहिलं,’ असं मला म्हणायचं होतं, आणि त्या इमारतीत, कदाचित त्या गावात, त्याचा अर्थ फक्त मला ठाऊक होता. मी ती ओळ इतकी हळू म्हटली, की त्यांची झोप मोडू नये.